डॉक्टर व्हायचे, तर आधी काय पाहायचे?



दहावीचा निकाल लागला की आपल्या मुरबाड-शहापूरकडच्या घराघरांतून एक प्रश्न हमखास निघतो. "पोराला पुढे काय करायचे?" मुलगा किंवा मुलगी हुशार असली, म्हणजे उत्तर तयारच असते. "डॉक्टर!" घरच्यांना आनंद होतो, शाळेला अभिमान वाटतो, पाहुणेरावळे पाठ थोपटतात. मग शेताचा एखादा तुकडा विकून, नाही तर कर्ज काढून, मुलाला शिकवणीसाठी कल्याणला, लातूरला, क्वचित थेट राजस्थानात कोट्याला पाठवतात. दोन वर्षे, कधी तीन, कधी चार वर्षेही तो नीटच्या परीक्षेची तयारी करीत राहतो.

या सगळ्या धावपळीत एक गोष्ट मात्र राहून जाते. ज्या कामासाठी एवढा खटाटोप, ते काम त्या मुलाने एक दिवससुद्धा जवळून पाहिलेले नसते. दवाखाना त्याला ठाऊक असतो तो आजारी पडून, बाकावर आपल्या नंबराची वाट पाहत बसून. पण बाकावरून दिसणारा दवाखाना निराळा, आणि डॉक्टरच्या खुर्चीमागे उभे राहून दिसणारा दवाखाना निराळा. दुरून डोंगर साजरे, ही म्हण आपल्या माळशेजच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसांना काय सांगायची! घाट चढणाऱ्यालाच तो कळतो.

तेव्हा आज बोलायचे आहे ते याविषयी, की डॉक्टर व्हायची इच्छा असलेल्या मुलाने आधी काय पाहावे, कुठे पाहावे आणि पाहिलेले कसे लिहून ठेवावे.

इंग्लंड-अमेरिकेत हा प्रश्न प्रवेशाच्या अर्जातच विचारतात. तिकडे नुसत्या गुणांवर भागत नाही. मला डॉक्टर का व्हायचे आहे, हे उमेदवाराने स्वतःच्या शब्दांत लिहून द्यावे लागते. अमेरिकेत बहुतेक मेडिकल कॉलेजांच्या सामाईक अर्जात या निवेदनाला 5,300 अक्षरांची मर्यादा आहे. इंग्लंडमध्ये 4,000 अक्षरांची मर्यादा असून, 2026 च्या प्रवेशापासून ते तीन प्रश्नांची उत्तरे म्हणून लिहायचे असते. हे नुसत्या कल्पनेने लिहिता येत नाही. म्हणून तिकडची मुले आधी डॉक्टरच्या मागे सावलीसारखी राहून त्याचे काम पाहतात. त्याला ते 'शॅडोइंग' म्हणतात. परदेशी स्थायिक झालेल्या आपल्या मराठी कुटुंबांतली मुलेही हे करतात, आणि सुट्टीत इकडे आली की काका-मामांच्या दवाखान्यात येऊन बसतात.

आपल्याकडे असे निवेदन कोणी मागत नाही. नीटमध्ये 180 प्रश्न आणि 720 गुण. निम्मे प्रश्न जीवशास्त्राचे, बाकीचे भौतिक आणि रसायन या विषयांचे. 'तुला डॉक्टर का व्हायचे आहे?' हा प्रश्न त्यांत नाही. पण मंडळी, परीक्षेत प्रश्न आला नाही म्हणून तो आयुष्यात यायचा चुकत नाही. तो येतो, पण उशिरा येतो. एम.बी.बी.एस.ची साडेचार वर्षे, वर एक वर्षाची इंटर्नशिप. शिवाय सरकारी कॉलेजातून शिकलेल्याला आपल्या राज्यात एक वर्ष सरकारी सेवेचा बाँड असतो, आणि ती सेवा न केल्यास 10 लाख रुपये भरावे लागतात. या सेवेसाठी अनेकांची नेमणूक होते ती एखाद्या आडगावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात. बाहेर पाऊस कोसळतो आहे, वीज गेलेली आहे, आणि पाड्यावरून झोळीत घालून आणलेले माणूस समोर आहे, अशा वेळी हा प्रश्न पहिल्यांदा पडला, तर तो फार महाग पडतो. त्याला महाग पडतो, आणि झोळीतल्या माणसाला त्याहून महाग पडतो. म्हणून तो आधीच, सोळाव्या-सतराव्या वर्षी, पडलेला बरा.

या बाबतीत आपल्याला बाहेरचे उदाहरण शोधायलाच नको. ज्या कल्याणला आपण दर आठवड्याला जातो-येतो, तिथेच 31 मार्च 1865 रोजी आनंदीबाई जोशी यांचा जन्म झाला. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि तो दहा दिवसांत गेला. पुढे 1883 मध्ये त्या अमेरिकेला गेल्या आणि फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या मेडिकल कॉलेजात प्रवेश मिळावा म्हणून त्यांनी एक पत्र लिहिले. आजच्या भाषेत बोलायचे तर तेच त्यांचे निवेदन. त्यात त्यांनी आपल्या हुशारीचे गोडवे गायले नाहीत. उलट, प्रवेशाच्या सगळ्या अटी आपण पुऱ्या करू शकू असे नाही, हे त्यांनी मोकळेपणाने कळवले. आणि आपला हेतू सांगितला तो असा, की माझ्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांना खरे औषधपाणी मिळावे म्हणून मला शिकायचे आहे. 1886 मध्ये त्या डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयात त्यांची नेमणूकही झाली होती, पण काम सुरू होण्यापूर्वीच 26 फेब्रुवारी 1887 रोजी क्षयाने त्यांचे निधन झाले.

या पत्रातून आपण काय घ्यायचे? आनंदीबाईंनी कोणत्या मोठ्या इस्पितळाचे नाव सांगितले नाही. त्यांनी पाहिलेली गरज सांगितली. कुठे गेलो यापेक्षा काय पाहिले, याला किंमत आहे. ही एक गोष्ट ध्यानात धरली, तर पाहण्याची जागा निवडणे सोपे जाते.

आता निवडीकडे वळू. मुलांची पहिली ओढ असते मोठ्या शहरातल्या मोठ्या इस्पितळाकडे. मुंबईच्या एखाद्या नामांकित सर्जनचे ऑपरेशन पाहावे, असे त्यांना वाटते. पण तिथे नवख्या मुलाला दिसते काय? हिरवे कपडे घातलेल्या माणसांच्या पाठी! रोगी आधीच गुंगीत असतो. तो कुठून आला, किती दिवस दुखणे अंगावर काढले, घरी गेल्यावर त्याचे काय झाले, यातले काही कळत नाही. गोष्टीचे मधले एकच पान वाचावे, तसे ते होते.

उलट आपल्या जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र घ्या. तिथे रोगी पायी येताना दिसतो, त्याचे बोलणे आपल्या भाषेतले असते, आणि आठ दिवसांनी तोच माणूस परत आलेला दिसतो. माझी पहिली सूचना ही, की पहिली जागा अशी निवडावी, जिथे एका रोग्याची पुरी वाट दिसेल. साधारण नियम असा आहे, की सपाटीवर 30,000 आणि डोंगरी किंवा आदिवासी भागात 20,000 लोकवस्तीला एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, आणि त्याच्या हाताखाली 5,000 किंवा 3,000 वस्तीला एकेक उपकेंद्र. म्हणजे पाहण्याची जागा बहुतेकांच्या गावाजवळच आहे. तिच्याकडे त्या नजरेने आपण बघत नाही, एवढेच.

तिथे गेल्यावर पहिल्याच दिवशी डॉक्टरांच्या शेजारी खुर्ची मागू नये. पहिला दिवस केसपेपरच्या खिडकीजवळ काढावा. आपले वय न सांगता येणारी म्हातारी, चिठ्ठीवरचे वाचता न आल्यामुळे दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहणारा माणूस, मजुरी बुडेल म्हणून घाई करणारी बाई, ही सगळी तिथे भेटतात. दुसरा दिवस औषधे देतात तिथे. "ही गोळी जेवणानंतर दोन वेळा" असे सांगितल्यावर, जो माणूस एकदाच जेवतो तो काय करील, हा विचार पुस्तकात सुचत नाही, तिथे सुचतो. तिसरा दिवस लसीकरणाचा. मग डॉक्टरांची खोली. या क्रमाने पाहिले म्हणजे दवाखाना एकट्या डॉक्टरवर चालत नाही, हे आपोआप कळते. सिस्टर आहे, औषधनिर्माता आहे, प्रयोगशाळेत रक्त तपासणारा आहे, रुग्णवाहिकेचा चालक आहे. यांतले एखादे काम पाहून कोणा मुलीला वाटले, की मला डॉक्टर नाही, नर्स व्हायचे आहे, तर तो तोटा समजू नका. चार वर्षे आणि शेताचा तुकडा वाचला, असे समजा.

दुसरी जागा म्हणजे आपली आशाताई. 2005 नंतर गावोगाव या ताई काम करू लागल्या. बाळंतपण दवाखान्यात झाले असले, तरी बाळ घरी आल्यावर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी तिने घरी जाऊन बाळाला पाहायचे असते. वजन करायचे, ताप पाहायचा, बाळ नीट पिते का ते विचारायचे. घरच्यांची परवानगी घेऊन एखाद्या विद्यार्थिनीने ताईबरोबर अशा दोन-चार फेऱ्या केल्या, तर शंभर व्याख्यानांनी होणार नाही एवढे शिक्षण होईल. या कामाची मुळेही आपल्याच महाराष्ट्रात आहेत. गडचिरोलीच्या खेड्यांत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना घरोघरी नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवले, आणि त्याने बालमृत्यू घटतात हे 1999 मध्ये जगापुढे मांडले. त्याआधी, 1970 पासून, नगर जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी शाळा न शिकलेल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले होते.

तिसरी जागा ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयाची. मुरबाडला आणि शहापूरला ती आहेत. इथे अपघात येतात, अडलेल्या बाळंतिणी येतात, पावसाळ्यात सर्पदंश येतात. सर्पदंशाचेच पाहा. भातलावणीच्या दिवसांत घोणस चावलेला माणूस येतो, तेव्हा डॉक्टर काय करतात? थोडे रक्त काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत घेतात आणि ती न हलवता वीस मिनिटे ठेवतात. रक्त गोठले नाही, तर विष रक्तात भिनले असे ठरते. मण्यारीची तऱ्हा वेगळी. जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती रात्री चावते, दुखत फारसे नाही, पहाटे पोट दुखू लागते आणि मग पापण्या जड होतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारही विषांवर चालणारी एकच लस असते. पण आधी भगताकडे दोन तास गेलेले असले, तर ते तास कोणतीच लस परत देत नाही. तरीही माणूस भगताकडे का जातो? रस्ता नाही म्हणून, भगत जवळ आहे म्हणून, की दवाखान्यात कोणी धड बोलत नाही म्हणून? जो विद्यार्थी त्या माणसाला हसला, त्याने काहीच पाहिले नाही. ज्याने हे विचारले, त्याने पाहिले.

मोठे इस्पितळ अगदीच पाहू नये, असे नाही. ते शेवटी पाहावे. आपल्याकडचा गंभीर रोगी उल्हासनगरला, ठाण्याला, कळव्याला, तिथून जे.जे.ला, केईएमला किंवा शीवला जातो. वाटेचा उगम पाहून झाला, की शेवट पाहण्यात अर्थ आहे. एखाद्या दिवशी अशा रोग्याच्या नातेवाइकांबरोबर नुसते बसले, तरी पुष्कळ समजते.

आता किती ठिकाणी जावे? दहा ठिकाणी दोन-दोन तास, की एका ठिकाणी वीस तास? माझे मत स्वच्छ आहे. एकाच ठिकाणी, सलग. दिवाळीच्या सुट्टीत आठ सकाळी, आणि जमल्यास पावसाळ्यात पुन्हा चार. कारण रोग ऋतूप्रमाणे बदलतात आणि माणसेही. दिवाळीनंतर कातकरी, ठाकर कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. क्षयाचे औषध साधारण सहा महिने न चुकता घ्यायचे असते. माणूस भट्टीवर गेला, की औषध चुकते. ही गोष्ट एका दिवसाच्या पाहुण्याला दिसणार नाही, तिथे थांबणाऱ्यालाच दिसेल.

थांबून पाहण्याने काय होते, याचे उदाहरण डॉ. हिंमतराव बावस्करांचे. महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ते नोकरीला होते. कोकणातला लाल विंचू चावून माणसे, विशेषतः मुले, दगावत. बावस्कर रोग्याच्या उशाशी रात्रभर बसत आणि घाम, नाडी, हातपाय गार पडणे, श्वास, सगळे तासातासाला टिपून ठेवत. 1982 मध्ये त्यांची ही निरीक्षणे लंडनच्या 'लॅन्सेट' साप्ताहिकात छापून आली. पुढे प्राझोसिन हे रक्तदाबावरचे साधे औषध या विषावर उपयोगी पडते, हे त्यांनी दाखवून दिले, आणि मृत्यू खूप घटले. केंद्र लहान होते, पण पाहणे मोठे होते.

काही पथ्ये मात्र कडक पाळली पाहिजेत. पहिले, परवानगी. मुख्याध्यापकांचे पत्र, पालकांची संमती आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांचा होकार, याशिवाय जाऊ नये. दुसरे, रोग्याचा होकार. "ही मुलगी इथे बसली तर चालेल का? नको म्हणालात तरी तपासणीत काही फरक पडणार नाही," असे डॉक्टरांनी आपल्या माणसाला समजेल असे विचारावे, आणि नको म्हटले की मुकाट्याने बाहेर यावे. बाळंतपणाच्या खोलीत आणि बायकांच्या तपासणीच्या वेळी कुमारवयीन विद्यार्थ्यांचे काही काम नाही. तिसरे, गुप्तता. गाव लहान असते. नुसते "अमुक पाड्यावरची एक बाई" म्हटले, तरी सगळ्यांना कळते कोण ते. म्हणून दवाखान्यातली गोष्ट घरी आईलासुद्धा नावानिशी सांगू नये, आणि मोबाइलवर फोटो तर कधीच काढू नये. चौथे, हात मागे बांधून पाहावे. सुई, जखम, रक्त यांना हात लावू नये, क्षयाच्या रोग्याजवळ मास्क लावावा, घरी येताना हात धुवावेत. "जरा इंजेक्शन देऊन बघ," असे कोणी कौतुकाने म्हटले, तरी नाही म्हणावे. परदेशातून येणाऱ्या आपल्या भाचरांनाही हे सांगा. तिकडे जे करण्याची त्यांना मुभा नाही, ते इथे गरिबाच्या अंगावर शिकायचे नसते. अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांच्या संघटनेनेही त्यांना हेच बजावले आहे.

राहिले लिहिणे. रोज संध्याकाळी वहीत तीन गोष्टी लिहाव्यात. आज काय पाहिले, काय समजले नाही, आणि कोणत्या क्षणी मला तिथून निघून जावेसे वाटले. ही तिसरी ओळ फार मोलाची आहे. रक्त पाहून घेरी आली, म्हणून कोणी डॉक्टर होण्यास नालायक ठरत नाही, ते सवयीने जाते. पण आजारी माणसाच्या त्याच त्याच बोलण्याचा कंटाळा आला, तर तेवढ्यावर मात्र थांबून विचार केला पाहिजे.

शेवटी या टिपणांवरून एक पान लिहावे, 'मला डॉक्टर का व्हायचे आहे' असे. शिक्षकांनी ते तपासताना शुद्धलेखनाआधी एक कसोटी लावावी. हे वाक्य दवाखान्यात कधीही न गेलेल्या मुलाला लिहिता आले असते का? आले असते, तर ते खोडावे. "मला लहानपणापासून गोरगरिबांच्या सेवेची आवड आहे," हे वाक्य कोणालाही लिहिता येते. पण समजा, एखाद्या मुलीने लिहिले, "एक आजोबा तीन वेळा औषध न घेता परत आले. चौथ्यांदा सिस्टरने त्यांना विचारले, तेव्हा कळले की त्यांना गोळ्यांचे रंग दिसत नाहीत," तर ती मुलगी तिथे होती, हे पानच सांगते.

वैद्यकीय शिक्षण देणाऱ्यांनाही हे आता पटले आहे. सेवाग्रामच्या कॉलेजात 1969 पासून नवे विद्यार्थी आधी आश्रमात राहतात आणि प्रत्येक तुकडी एक खेडे दत्तक घेते. 2019 पासून देशभरच्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षापासूनच रोग्यांची भेट घालून देण्याची सोय आली, आणि त्यानंतर विद्यार्थ्यांनी गावातली काही कुटुंबे दत्तक घेण्याची योजनाही आली. पण ही भेट प्रवेशानंतरची. प्रवेशापूर्वीची भेट घडवणे आपल्याच हाती आहे.

शिक्षकांना एवढेच सांगणे, की येत्या सुट्टीपूर्वी आपल्या शाळेतल्या डॉक्टर होऊ म्हणणाऱ्या चार-पाच मुलांची यादी करा, आणि एका सकाळी जवळच्या आरोग्य केंद्रातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना जाऊन भेटा. एका वेळी दोनच मुले पाठवा, गर्दी नको. आणि आईबापांना सांगणे असे, की आठ दिवसांनी पोर घरी येऊन म्हणाले, "बाबा, हे काम माझे नाही," तर रागावू नका. शेत शाबूत आहे, पोराची उमेदही शाबूत आहे. आणि ते म्हणाले, "बाबा, हेच करायचे," तर मग खुशाल पाठीशी उभे राहा. कारण त्याने डोंगर पायथ्याशी जाऊन पाहिला आहे, आणि तरीही तो चढायला निघाला आहे.